अकरा, दोन आणि पाचची डाक

"कोण मेलं रे?"

संगणकानं टिंग केलं आणि माझी मान तिकडं वळली, की शेजारच्या टेबलावरून हा प्रश्न यायचाच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा खरंच काळजीनं विचारतोय. मी आपला इमानदारीत सांगायचो, "कुणी नाही चाचा, औशाच्या एका पालकाचा मेल आहे. नवी बॅच कधी सुरू होणार विचारतायत." त्यावर मान न उचलता ते म्हणायचे, "पालक जिता हाय ना? बॅच पुढच्या महिन्यात हाय ना? मग तू कशाला उडून राहिलास?"

लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी नोकरीला लागलो तेव्हाची ही गोष्ट. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, हॉस्टेलच्या खाली मेस, आणि रस्त्यावर पाठीला दप्तर लावलेली पोरंच पोरं, असे ते दिवस. आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्यात माणसं दोनच, चाचा आणि मी. दर रविवारच्या चाचणीचा पेपर आणि त्याची उत्तरतालिका आम्ही बनवायची, शिवाय क्लासला येणाऱ्या मेलना उत्तरंही आम्हीच द्यायची. क्लासचे मालक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांनी रस्त्यावरच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं होतं : 'पालकांच्या मेलला पाच मिनिटांत उत्तर.'

आणि त्याच क्लासात चाचांच्या टेबलामागे भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला असायचा : 'डाक : अकरा, दोन, पाच.'

म्हणजे मेल बघायची ती दिवसातून तीनदाच. मधल्या वेळात खुद्द कलेक्टरांचा मेल आला तरी तो तसाच पडून राहायचा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'नवा संदेश' म्हणून जी चौकट वर येते ना, तिथं चाचांनी पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा डिंकवाला कागद चिकटवला होता. ती चौकट बंदही करता येते, हे मी त्यांना दाखवून दिलं. त्यांनी ती बंद करून घेतली, पण कागद काही काढला नाही. "तुझ्या मशीनचा काय भरोसा," म्हणाले. त्यांचा मोबाईल जेवणाच्या डब्याच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या पुडात असायचा आणि डबा कपाटात. दुपारी डबा उघडला की भाजीच्या आधी मोबाईल बाहेर निघायचा. त्यांच्या बेगमनं सुरुवातीला त्या पुडात लोणचं भरून पाहिलं. चाचांनी लोणचं पोळीत गुंडाळून पाठवायला लावलं, पण पूड सोडलं नाही.

मला या माणसाचा राग यायचा. खरंच सांगतो, डोक्यात जायचे ते. मी नांदेडचा, चोवीस वर्षांचा, आणि बूड टेकून बसणं मला जन्मात जमलेलं नाही. एक पाय सदा हलत राहिलेला, एक डोळा पडद्याच्या कोपऱ्यात. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो तरी मेल बघायचो. वस्तरा मानेवर असताना एकदा खिशात हात घातला म्हणून न्हाव्यानं मला असं काही झापलं की बाकीची गिऱ्हाइकं हसायला लागली. टिंग झालं की बरं वाटायचं, आणि बराच वेळ नाही झालं तर तार तुटली काय म्हणून मी वायर हलवून बघायचो. सर यायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "हा बघा आपला घोडा! चाळीस सेकंदांत उत्तर!" मग चाचांकडे बघून जिन्याकडं वळायचे. चाचा क्लासच्या पहिल्या दिवसापासूनचे, त्यांना बोलायची सरांची छाती नव्हती.

एकदा चाचांनी मला समोर बसवून त्यांच्या मेलचे तीन कप्पे करून घेतले. नावं त्यांनीच सांगितली : कढत, कोमट, थंड. कढतमध्ये छापखाना आणि परीक्षेची सरकारी पत्रं. थंडमध्ये जाहिराती, सणाच्या शुभेच्छा आणि "हा निरोप दहा जणांना पाठवा"वाले. मी विचारलं, "आणि सरांचे मेल?"

"कोमट."

"चाचा, मालक आहेत ते!"

"मग? मालकाला घाई आसंल तर जिना हाय. चढून येईल की."

पूर्ण संगणकात टिंग वाजायची मुभा त्यांनी एकाच माणसाला दिली होती, मुलींच्या हॉस्टेलच्या बाईंना. "लेकरू आजारी पडलं तर बाई काय पाचपर्यंत थांबून राहतील का?" ती टिंग वर्षभरात तीन वेळा वाजली असेल. तिन्ही वेळा चाचा चपला पायात घालत घालतच जिना उतरले.

काम करताना त्यांच्या हातात एक लाकडी फूटपट्टी असायची. ओळीखाली पट्टी ठेवायची, ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची. तालिका तपासताना तर आणखी तमाशा. चाचणीचे चार संच असतात, अ, ब, क आणि ड. प्रश्न तेच, फक्त क्रम वेगळा, म्हणजे पोरांनी शेजारच्याचं बघून गोल काळे करू नयेत. आमच्या मूळ कागदावर चारही संचांची उत्तरं शेजारी शेजारी चार रकान्यांत असायची. चाचा ज्या संचाचं काम करायचे तो रकाना सोडून बाकीच्यांवर जुनी पोस्टकार्डं झाकून ठेवायचे. मला ते पाहून हसू यायचं. पहिलीतल्या पोराला पाढे शिकवावेत तसला प्रकार, म्हटलं.

आणि कुणी काही कागद वाचला म्हणालं, की त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न : "वाचलं का बघितलं?"

हा माणूस असा का, हे मला एकदाच कळलं. दुपारी आम्ही जेवत होतो. खालून मालाचा ट्रक गेला आणि टेबलावरचे स्टीलचे पेले थरथरले. मी उठून उभाच राहिलो. भूकंप झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्या नांदेडला पडझड नव्हती, पण कितीतरी दिवस आम्ही घर सोडून मैदानात झोपलो होतो. तेवढंच माझ्या पायांच्या लक्षात राहिलंय. चाचांनी मात्र तळहात टेबलावर सपाट ठेवला आणि घास चावत राहिले.

"बस," म्हणाले. "ट्रक हाय."

मग आपणहूनच सांगायला लागले. त्या वेळी ते लातुरातच एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. भूकंपानंतर छापखान्याकडं घरं पडलेल्यांच्या याद्या छापायला आल्या. गावांची नावं, माणसांची नावं, पानंच्या पानं. "रोज कुणीतरी पळत यायचं, आता पुन्हा हालणार म्हणून. एकजण ओरडला की सगळे रस्त्यावर. भांडं पडलं तरी रस्त्यावर. एक दिवस मी आसाच ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. वरून धडधड झाली. पळालो. परत येऊन बसलो, बोट ठेवलं, वाचायला लागलो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एक ओळ खाली ठेवलं होतं बोट. मधली ओळ गळाली होती, ती मला दिसलीच न्हाई. एक विधवा बाई होती त्या ओळीत. यादीत नाव न्हाई म्हणून तिला पत्र्याची खोली मिळेना. आठ महिने ती बाई या कचेरीतून त्या कचेरीत फिरली. शेवटी छापखान्यात येऊन उभी राहिली माझ्यासमोर."

मी म्हणालो, "पण चाचा, भूकंप झाल्यावर पळायलाच पाहिजे की."

"भूकंप कुठं होता? वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं होतं."

मी डबा संपवला. आणि लाज वाटते सांगायला, जेवण झाल्याबरोबर आधी मेल बघितला.

आता मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल.

वर्षातून एकदा आमच्याकडं स्टार बॅचची चाचणी व्हायची. साठ जागा. त्या साठ पोरांना सगळ्यात चांगले शिक्षक आणि क्लासचं स्वतःचं हॉस्टेल. बाकीच्यांनी मोठ्या हॉलमध्ये माइकवर ऐकायचं आणि राहायचं कुठं ते आपापलं बघायचं. खेड्यातल्या मुलींसाठी तर ही चाचणी म्हणजे सगळंच होतं. हॉस्टेल मिळालं तरच बाप लातुरात ठेवणार, नाहीतर चल घरी.

तालिका करायच्या दिवशी चाचा नेमके उदगीरला भाचीच्या लग्नाला गेले होते. जाताना चारदा बजावून गेले, "मशीनचं तोंड बंद ठेव." मी हाव हाव म्हणालो आणि त्यांची पाठ वळताच आवाज वाढवला. क संचाची उत्तरं उतरवत होतो. सेहेचाळीसपर्यंत आलो आणि टिंग. एका पालकाला विचारायचं होतं, हॉस्टेलात रात्री पोळी असते का भाकरी. मी चाळीस सेकंदांत कळवलं, दोन्ही असतं. स्वतःवर खूश होऊन परत आलो, सत्तेचाळीसवर बोट ठेवलं आणि धडाधड नव्वदपर्यंत उतरवून काढलं.

बोट ड च्या रकान्यात ठेवलं होतं.

मोजणी बरोबर, ओळी बरोबर, रकाना तेवढा चुकला. कुणालाच काही खटकलं नाही. निकाल लागला आणि क संच मिळालेली पोरं धडाधड खाली आली. पोरं रडली, बापांनी पोरांना धुतलं आणि सगळ्या क्लासात एकच चर्चा : "या वेळी क संच लई अवघड निघाला." आता बोला! प्रश्न तेच हो! नुसता क्रम वेगळा! हे आमचे फिजिक्सचे सर म्हणाले, केमिस्ट्रीचे म्हणाले, आणि ज्यानं तो पेपर स्वतःच्या हातानं टाइप केला तो मीसुद्धा चहा पिताना म्हणालो, "हाव, क जरा कठीणच होता."

चाचा रोजची डाक तीनदा बघायचे, पण शनिवारी आणखी एक काम करायचे. आठवड्यात आलेले सगळे मेल आणि आपण दिलेली उत्तरं कागदावर काढायची आणि पट्टी धरून पुन्हा वाचायची. मी त्याला कागदाची नासाडी म्हणायचो. निकालानंतरच्या शनिवारी वाचता वाचता त्यांची पट्टी एका कागदावर थांबली.

"हे उत्तर कुणी दिलं?"

शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातल्या मुलीचा मेल होता. विषय : क संचातील प्रश्न ४७ बाबत. खाली माझं उत्तर : 'निकाल अंतिम आहे. शंका असल्यास आपल्या बॅचच्या समन्वयकांना भेटा.' हे वाक्य माझ्याकडं तयारच असायचं, एक कळ दाबली की गेलं.

"मी दिलं," म्हणालो.

"वाचलं होतंस का बघितलं होतंस?"

"वाचलं होतं की."

"मग शेवटची ओळ काय हाय, सांग."

मी कागद घ्यायला हात पुढं केला. चाचांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि ओळीखाली पट्टी ठेवली. तिनं लिहिलं होतं की तालिकेत सत्तेचाळीसचं उत्तर तुम्ही ब दिलंय, मी पुस्तकं काढून पाहिली, मला अ वाटतं. एकावन्न, बावन्न आणि पंचावन्नपण कृपया तपासावेत. आणि शेवटी : 'हॉस्टेल मिळालं नाही तर मला उद्या गावाकडं जावं लागेल, म्हणून आज बघितलंत तर बरं होईल.'

मेल आला होता सव्वातीनला. माझं उत्तरही सव्वातीनलाच.

चाचांनी मूळ कागद काढला, तीन रकान्यांवर पोस्टकार्डं ठेवली आणि म्हणाले, "वाच तुझी तालिका. मोठ्यानं." मी वाचायला लागलो, ते उत्तर जुळलं की टेबलावर टिचकी मारत गेले. सेहेचाळीसला टिचकी. सत्तेचाळीसला त्यांचा हात थांबला. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. कुठंतरी एखादं जुळायचं, तेवढीच टिचकी. साठच्या पुढं मी कागद खाली ठेवला.

"पाणी पी," चाचा म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सर जिना चढून वर आले. घाबरले. बोभाटा होईल, फलकावर काळं फासतील लोक, वगैरे वगैरे. चाचा एवढंच म्हणाले, "यादी बदला. न्हाईतर मी खाली जाऊन पोरांना सांगतो." यादी बदलली. क संचाची बाकीची पोरं लातुरातच होती, संध्याकाळपर्यंत त्यांना निरोप गेले, त्यातली नऊ स्टार बॅचमध्ये आली. गावाकडं परत गेलेली ही एकटीच, आणि नव्या यादीत तिचा नंबर होता अकरावा. सर म्हणाले, "सोमवार सकाळपर्यंत जागा धरतो. पुढचा पोरगा दारात उभा आहे." अर्जावरचा फोन तिच्या चुलत्याचा होता, तो लागेना. मी म्हणालो, "मेल टाकतो ना लगेच."

चाचांनी तिचा अर्ज ओढला आणि गावाचं नाव एका पोस्टकार्डावर उतरवून घेतलं.

रविवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. वाटेत माझा मोबाईल खिशात दोनदा थरथरला आणि दोन्ही वेळा माझा हात तिकडं गेला. काय सांगू, हात स्वतःच जातो हो! तिसऱ्यांदा मी तो चक्क बंदच केला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. तिच्या बापानं हाकलून दिलं तर, शिव्या घातल्या तर, आणि नाहीच घातल्या तर, सगळंच नको वाटत होतं. चाचा शेजारी पट्टी नसलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. मी म्हणालो, "चाचा, तिथं तुम्हीच बोला. तुम्ही मोठे आहात."

"उत्तर मी दिलं होतं का?"

फाट्यावर उतरून चालत गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, लातूरहून परत आलेली मुलगी म्हटल्यावर सगळ्यांना ठाऊक. बाप अंगणात सोयाबीनची पोती शिवत होता. आम्ही क्लासचे म्हटल्यावर तो गडबडून उठला, आतून बाज आणून टाकली, पाणी दिलं.

"लई लांब आलाव सर. काय राहिलं हुतं का आमचं? कागद-बिगद?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "आमचंच राहिलं होतं. लेकीला बोलवा."

मुलगी आली. हाताला डाळीचं पीठ होतं, ते ओढणीला पुसत उभी राहिली. तिला गावातल्याच कॉलेजात आर्ट्सला घातलं होतं, असं बाप सांगत होता. "म्हनलं, एवढी मोठी मान्सं तपासत्यात, तेंचं चुकंल का? आपल्याच पोरीला जमलं न्हाई. म्हनलं जाऊ दे बाई, नशीब." तो हसून सांगत होता. ती जमिनीकडं बघत होती.

चाचा मला म्हणाले, "बोल."

मी बोललो. कसं बोललो ते विचारू नका. ती तालिका मी केली, रकाना माझा चुकला, तुझा नंबर अकरावा आहे, उद्या सकाळपर्यंत जागा आहे. आणि मग, हे सांगितलं नाही तर चाचा उठणारच नाहीत हे मला कळत होतं म्हणून, तुझ्या मेलला उत्तर मी दिलं होतं आणि तुझा मेल मी वाचला नव्हता.

तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"ते तुमी लिहिलं हुतं?"

"हो."

"मला वाटलं मशीन हाय. मी पाठवलं आन् लगेच आलं ना, मिनिटबी झाला न्हाई. म्हनलं हे कंप्युटर आपोआप धाडत आसंल, तेला काय कळतंय." तिनं बोटांचं पीठ झटकलं. "मानूस हाय म्हाईत आसतं तर मी पुन्यांदा लिहिलं आसतं सर."

मला रडू आलं. चोवीस वर्षांचा घोडा मी, परक्याच्या अंगणात, सोयाबीनच्या पोत्यांसमोर बसून रडलो. बाप बिचारा मलाच पाणी द्यायला लागला. चाचांनी मला गप्प केलं नाही, की पाठीवर हातही ठेवला नाही. रडू दिलं.

बापाला अजून नीट उमगलं नव्हतं. तो चाचांना विचारत होता, आर्ट्सचा दाखला परत मिळंल का, पेटी कुठं द्यावी लागंल, गाडी कितीची. पण मुलगी तिथंच उभी होती, माझं रडणं संपायची वाट बघत. तिला काहीतरी विचारायचं होतं, हे दिसत होतं.

"सर," ती म्हणाली, "मग सत्तेचाळीसचं अ च बरोबर ना?"

"हो. अ च."

"आन् एकावन्न, बावन्न, पंचावन्न?"

"तू म्हणतेस तीच. सगळी बरोबर आहेत."

तिनं बापाकडं बघितलं. "म्हनलं हुतं ना मी तुमाला आप्पा!" तिचा आवाज केवढा चढला होता. "दोन दिवस सांगून राहिले हुते मी तुमाला!"

आणि ती पेटी भरायला आत पळाली.